वारा आवरून धरलेले चौदा दिवस

इंग्रजीत शांततेसाठी शब्दांची वाण नाही. ‘कूल अँड काम’ म्हणतात त्यातला ‘काम’ हा शब्द ग्रीकमधल्या ‘काउमा’पासून, म्हणजे रणरणत्या उन्हापासून आला असं मानतात. ऊन तापलं की माणसं हातातलं टाकून सावलीला जातात आणि सगळीकडे सामसूम होते, त्या सामसुमीतून हा अर्थ निघाला. ‘सिरीन’ लॅटिनमधून आला. तिथे त्याचा अर्थ निरभ्र, ढग नसलेलं आकाश. पण या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘हॅल्सिअन’. शब्दकोशात त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी दिलेले असतात. एक, शांत आणि निवांत. दुसरा, खंड्या पक्षी.

चिपळूणला मी इंग्रजी शिकवत होते तेव्हा स्पर्धा परीक्षेच्या तयारीची मुलं शब्दांच्या याद्या घेऊन यायची. यादीत ‘हॅल्सिअन डेज’समोर ‘गेलेले सुखाचे दिवस’ असं लिहिलेलं असायचं. पाठांतराला तेवढं पुरतं. एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, शांततेचा आणि खंड्याचा काय संबंध? तो तर मासा धरतो आणि फांदीवर आपटून मारतो.” प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर शोधायला अडीच हजार वर्षं मागे, ग्रीसच्या समुद्रावर जावं लागतं. आणि तिथून निघालेली वाट आपल्या कोकणातल्या एका ओल्या दरडीपाशी येऊन थांबते. ही सगळी वाट मला वाचकांना दाखवायची आहे.

वाऱ्याच्या लेकीची गोष्ट

गोष्ट अनेकांनी सांगितली. त्यांतलं सर्वांत भरभरून सांगणं रोमन कवी ऑव्हिडचं. इसवी सन ८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या ‘मेटॅमॉर्फसिस’ या महाकाव्याच्या अकराव्या भागात ती येते.

ट्रेकिस नगरीचा राजा सीइक्स आणि त्याची राणी अल्सायनी यांचं एकमेकांवर निरतिशय प्रेम. अल्सायनी ही एओलसची मुलगी. एओलस म्हणजे सगळ्या वाऱ्यांना कोंडून ठेवणारा त्यांचा राखणदार. सीइक्सच्या मनाला एक चिंता लागली होती, म्हणून क्लॅरोस इथल्या अपोलोच्या देवस्थानी कौल लावायला जायचं त्याने ठरवलं. वाट समुद्रातून होती. अल्सायनी त्याला विनवते, जाऊ नकोस. माहेरी असताना तिने या वाऱ्यांना लहानपणापासून पाहिलेलं असतं. एकदा सुटले की ते कुणाचे नसतात, हे तिला चांगलं ठाऊक असतं. सीइक्स वचन देतो की चंद्र दोनदा पूर्ण व्हायच्या आत परत येईन. आणि निघतो.

वाटेत वादळ उठतं. जहाज फुटतं. तिचं नाव घेत घेत सीइक्स बुडतो. इकडे अल्सायनीला काहीच माहीत नसतं. ती जूनो देवीच्या मंदिरात रोज धूप जाळते, पती सुखरूप परत यावा म्हणून हात जोडते. मेलेल्या माणसासाठी चाललेली ही प्रार्थना देवीलाच सहन होईना. तिने निद्रादेवाकडे निरोप पाठवला. निद्रादेवाचा मुलगा मॉर्फिअस सीइक्सचं रूप घेऊन, ओल्या केसांनी, अल्सायनीच्या स्वप्नात गेला आणि खरं काय ते सांगून आला. सकाळी ती किनाऱ्यावर धावली. लाटांवरून एक देह हळूहळू काठाकडे येत होता. ओळख पटली तशी तिने धक्क्यावरून उडी घेतली. पण ती पाण्यात पडलीच नाही. ती उडत गेली. देवांना दया आली होती. दोघांचेही पक्षी झाले.

इथून पुढचा भाग महत्त्वाचा. हे पक्षी ऐन हिवाळ्यात, पाण्यावर तरंगणाऱ्या घरट्यात अंडी घालतात. आणि ती उबवून होईपर्यंत सात दिवस एओलस वाऱ्यांना बाहेर पडू देत नाही. ऑव्हिड कारणही देतो. ती त्याची नातवंडं आहेत. मुलीचा संसार वाऱ्याने बुडवला. तिच्या पिलांसाठी मात्र आजोबा दरवर्षी वारा आवरून धरतो. हे आजोळचं देणं आहे.

मॉर्फिअसवरूनच एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेर्टुर्नर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने अफूतून वेगळ्या काढलेल्या वेदनाशामक द्रव्याला नाव दिलं. त्याला आपण मॉर्फीन म्हणतो. विसाव्या शतकात ट्रायझोलॅम हे झोपेचं औषध ‘हॅल्सिअन’ याच नावाने बाजारात आलं आणि दुष्परिणामांच्या काळजीमुळे १९९१ साली ब्रिटनमध्ये त्यावर बंदी आली. एका शोककथेने माणसाला वेदनेवरच्या आणि झोपेच्या अशा दोन औषधांची नावं पुरवली.

ॲरिस्टॉटलचं टिपण

कवीची गोष्ट बाजूला ठेवू. ऑव्हिडच्या साडेतीनशे वर्षं आधी, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या मोठ्या ग्रंथात या पक्ष्याची नोंद केली आहे. तो लिहितो की हा पक्षी हिवाळ्यात, वर्षातला सर्वांत लहान दिवस येतो त्या सुमाराला घरटं करतो. त्या दिवसाच्या आधीचे सात आणि नंतरचे सात दिवस हवा शांत असते, म्हणून त्यांना या पक्ष्याचे दिवस म्हणतात. पहिल्या सातांत घरटं बांधायचं, दुसऱ्या सातांत अंडी आणि पिलं. म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा.

ॲरिस्टॉटलचा प्रामाणिकपणा पुढच्या वाक्यात दिसतो. आमच्या भागात दरवर्षी त्याच वेळी हवा अशी शांत होतेच असं नाही, सिसिलीच्या समुद्रात मात्र ती बहुतेक होते, असं तो नमूद करतो. कथा सगळ्यांना पाठ असताना तिच्यापुढे हवेची खरी नोंद ठेवणारा हा माणूस मला नेहमी मोठा वाटत आला आहे.

घरट्याविषयी मात्र तो गोंधळात आहे. समुद्रातून वाहून येणाऱ्या, गोळ्यासारख्या, लालसर, सहज न फुटणाऱ्या एका वस्तूला लोक या पक्ष्याचं घरटं समजत. ते कशाचं बनलेलं असतं, यावर त्याचा अंदाज असा की ते सुईसारख्या लांब तोंडाच्या एका माशाच्या काट्यांचं असावं, कारण पक्षी मासे खातो. समुद्रातून येणाऱ्या अशा वस्तूंशी या पक्ष्याचं नाव इतकं चिकटलं की पुढे मऊ प्रवाळांच्या एका गणाला ‘अल्सायोनिअम’ हे नाव मिळालं.

आता खरं काय ते पाहू. युरोपात आणि आपल्याकडेही दिसणारा छोटा निळा खंड्या समुद्रावर घरटं करत नाही. हिवाळ्यात तर मुळीच नाही. नदीच्या किंवा ओढ्याच्या मातीच्या उभ्या काठात तो चोचीने आणि पायांनी बोगदा खणतो. बोगदा हातभर आत जातो आणि शेवटी एक गोल खोली असते. तिथे चकचकीत पांढरी अंडी. पक्षी माशांचे न पचलेले काटे ओकून टाकतात आणि ते काटे त्या खोलीत साचत जातात. म्हणजे काट्यांचं घरटं हा ॲरिस्टॉटलचा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. फक्त ते घरटं लाटांवर नव्हतं, मातीच्या पोटात होतं.

मग समुद्राची गोष्ट आली कुठून? ग्रीसच्या किनाऱ्यावर हा पक्षी मुख्यतः थंडीच्या दिवसांत दिसतो. उत्तरेकडचं आणि डोंगरातलं पाणी गारठलं की तो खाली समुद्रकाठी येतो. लोकांना तो ऐन हिवाळ्यात लाटांवरून निळ्या रेघेसारखा सरळ जाताना दिसायचा, आणि घरटं मात्र कुणाला सापडायचं नाही. पक्षी इथे, थंडीत, समुद्रावर. म्हणजे घरटंही तिथेच असणार. न दिसलेल्या घरट्याची जागा कथेने भरून काढली.

हवा खरंच शांत होते

पक्ष्याचं घरटं काल्पनिक निघालं, पण दिवस खरे आहेत. ग्रीसमध्ये आजही लोक ‘अल्कियोनीदेस’ दिवसांविषयी बोलतात आणि हवामान खात्याचे लोकही तोच शब्द वापरतात. माझा एक जुना विद्यार्थी व्यापारी जहाजावर आहे. पिरेअस बंदरात जहाज लागलं असताना त्याने मला जानेवारीतला एक फोटो पाठवला होता. पाणी आरशासारखं आणि धक्क्यावर अंगातले कोट काढून उन्हात बसलेली म्हातारी माणसं. खाली लिहिलं होतं, “मॅडम, तुमचे ते दिवस आज इथे चालू आहेत.” तिथल्या लोकांच्या बोलण्यात या दिवसांची मुदत डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत धरतात. त्या काळात ते कधीही येतात, काही दिवस राहतात आणि जातात.

कारण सोपं आहे. भूमध्य समुद्रावर हिवाळ्यात पश्चिमेकडून एकामागून एक कमी दाबाचे पट्टे येत राहतात. त्यांच्याबरोबर वारा, पाऊस, उसळता समुद्र. मधेच केव्हातरी जास्त दाबाचं क्षेत्र त्या भागावर पसरतं. आजूबाजूच्या दाबांत फरक उरत नाही, म्हणून वारा पडतो. ढग विरतात, दिवसा छान ऊन पडतं, रात्री मात्र कडाक्याची थंडी. काही दिवसांनी पुढचा कमी दाबाचा पट्टा आला की खेळ संपतो. कोकणात आषाढ-श्रावणात धो धो कोसळून झाल्यावर चार दिवस उघडीप मिळते, तसंच हे. पाऊस गेलेला नसतो, तो फक्त थांबलेला असतो. त्या चार दिवसांत लोक काय काय उरकतात ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको.

प्राचीन ग्रीकांना ही उघडीप किती मोलाची वाटत असेल हे समजायला त्यांचं समुद्राचं वेळापत्रक पाहावं लागतं. हेसिअड हा त्यांचा फार जुना कवी शेतकऱ्यांना आणि नावाड्यांना सल्ला देतो की कृत्तिका नक्षत्र मावळायला लागलं, म्हणजे नोव्हेंबर आला, की गलबत किनाऱ्यावर ओढून घ्या आणि समुद्राच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे मृग लागताना होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. त्यांच्याकडे बंदी हिवाळ्यात असे. अशा बंद समुद्रावर मधेच आलेले शांत दिवस म्हणजे देवाने दिलेली सवलतच.

कृत्तिकांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. त्या पुंजक्यातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याचं पाश्चात्त्य नाव अल्सायनीच आहे. ही अल्सायनी वेगळी, ॲटलसची मुलगी. पण नाव तेच. १९१० साली अड्यारहून थिऑसॉफिकल सोसायटीच्या मंडळींनी ‘ॲट द फीट ऑफ द मास्टर’ हे छोटं पुस्तक काढलं, त्यावर लेखकाचं नाव ‘अल्सायनी’ होतं. तो लेखक म्हणजे तेव्हा किशोरवयात असलेले जिद्दू कृष्णमूर्ती.

इंग्रजीत शिरताना

इंग्रजीत ही गोष्ट आधी शोकाच्या वाटेने शिरली. जॉफ्री चॉसरने १३७०च्या आसपास ‘द बुक ऑफ द डचेस’ लिहिलं. लँकेस्टरची तरुण डचेस ब्लांश १३६८ मध्ये वारली होती, तिच्या आठवणीशी ही कविता जोडलेली आहे. झोप न येणारा निवेदक रात्री पुस्तक उघडतो आणि वाचतो ती सीइक्स-अल्सायनीची गोष्ट. पण चॉसरने शेवट कापला. त्याच्या कवितेत कुणी पक्षी होत नाही. स्वप्न पडल्यावर थोड्याच दिवसांत अल्सायनी मरते, बस. ज्याचं माणूस नुकतंच गेलं आहे त्याला पंख फुटल्याचं सांगून समजूत घालायला चॉसरचं मन धजलं नसावं, असं मला वाटतं. त्याचाच समकालीन जॉन गॉवर मात्र आपल्या ‘कन्फेसिओ अमांटिस’मध्ये दोघांना पक्षी करतो.

मग सोळाव्या शतकात शब्द पक्ष्यावरून हवेवर आणि हवेवरून माणसाच्या दिवसांवर गेला. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द सिक्स्थ’च्या पहिल्या भागात जोन ऑफ आर्कच्या तोंडी ‘हॅल्सिअन डेज’ येतात. त्याच सुमाराला या पक्ष्याचा आणखी एक विचित्र उपयोग इंग्लंडमध्ये चालू होता. मेलेला, वाळवलेला खंड्या दोऱ्याने छताला टांगायचा. त्याची चोच वारा येतो त्या दिशेला वळते, अशी समजूत होती. मार्लोच्या ‘द ज्यू ऑफ माल्टा’ नाटकातला व्यापारी आपली जहाजं कुठे असतील या विचारात या चोचीची दिशा आठवतो. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये धन्याच्या मर्जीच्या वाऱ्याबरोबर चोच फिरवणाऱ्या नोकरांना केंट हा सरदार याच पक्ष्याची उपमा देऊन झोडपतो.

ही समजूत तपासून पाहणारा माणूस होता सर टॉमस ब्राउन, इंग्लंडातल्या नॉरिच शहरातला डॉक्टर. लोकांत रूढ असलेल्या चुकीच्या समजुतींवर त्याने १६४६ मध्ये एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात तो सांगतो की त्याने खंड्या रेशमी धाग्याने मोकळ्या हवेत टांगून पाहिला. चोच एका दिशेला ठरत नाही. दोन पक्षी एकाच वेळी टांगले तर दोघं दोन दिशांना तोंड करतात. वाचून मनावर घेतलेली गोष्ट हातांनी करून पाहायची, ही रीत विज्ञानाला अशाच लोकांनी दिली.

शब्दाला आजचा उसासा कसा चिकटला तेही त्याच शतकात दिसतं. १६३०च्या दशकात जर्मनीत तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं आणि पहिल्या चार्ल्स राजाच्या इंग्लंडात शांतता होती. टॉमस कॅरू या दरबारी कवीने आपल्या देशाच्या त्या दिवसांना हॅल्सिअन म्हटलं. १६४२ मध्ये इंग्लंडातच यादवी युद्ध सुरू झालं आणि १६४९ मध्ये राजाचं मस्तक उडालं. शब्दात वाईट काळाची मुदत आधीपासून होतीच. वारा पुन्हा सुटणार हे गोष्टीतच लिहिलेलं होतं. पुढच्या शतकांत इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो हळूहळू मागे वळून पाहण्यासाठी राखून ठेवला. आज कुणी ‘हॅल्सिअन डेज’ म्हणालं की ते बहुधा बालपणाविषयी, कॉलेजविषयी, कुठल्यातरी संपलेल्या चांगल्या काळाविषयी बोलत असतं.

शब्दाचं स्पेलिंगही गोष्टीनेच बदललं. मूळ ग्रीक रूपात सुरुवातीला ‘ह’ नव्हता. तो शब्द ग्रीकांच्याही आधीच्या कुठल्यातरी भाषेतला असावा. पुढे लोकांनी त्याची फोड ‘हाल्स’ म्हणजे समुद्र आणि ‘कीओन’ म्हणजे गर्भ धारण करणारी अशी केली आणि समुद्रावर वीण करणाऱ्या पक्ष्याला शोभेल म्हणून ‘ह’ चिकटवला. व्युत्पत्ती खोटी, पण स्पेलिंगमध्ये ती कायमची राहिली.

नावं आपल्या दारी येतात

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातले निसर्ग अभ्यासक जगभरच्या पक्ष्यांना लॅटिन नावं देत सुटले. ही सगळी ऑव्हिड वाचून वाढलेली माणसं. त्यामुळे ही गोष्ट खंड्यांच्या नावांमध्ये विखुरली. छोट्या निळ्या खंड्याचा गण ‘अल्सिडो’, हा लॅटिनमधला त्याच पक्ष्याचा शब्द. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या, हसल्यासारखं ओरडणाऱ्या कूकाबराला नाव देताना लीच याने १८१५ मध्ये ‘अल्सिडो’ची अक्षरं उलटसुलट करून ‘डासिलो’ केलं. १८२१ मध्ये स्वेन्सनने आणखी एका गणाला ‘हॅल्सिअन’ म्हटलं.

या शेवटच्या गणातला एक पक्षी आपल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. विजेच्या तारेवर, विहिरीच्या कठड्यावर, शाळेच्या कुंपणावर बसलेला, तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या छातीचा, उडाला की झगझगीत निळा, लाल मोठ्या चोचीचा खंड्या. त्याचं शास्त्रीय नाव हॅल्सिअन स्मिर्नेन्सिस. दुसरा शब्द लिनिअसने १७५८ मध्ये दिला. स्मिर्ना म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर. आणि सीइक्स ज्या क्लॅरोसच्या देवस्थानी निघाला होता ते इझमिरच्याच परिसरात आहे. म्हणजे तो जिथे पोहोचू शकला नाही, त्या किनाऱ्याचं नाव बायकोच्या नावाला लागून आपल्या विहिरीवर येऊन बसलं आहे. लिनिअसने आणि स्वेन्सनने हे ठरवून केलेलं नाही. म्हणूनच मला त्याचं अप्रूप वाटतं.

आणि सीइक्स? तोही आपल्याकडे आहे. १७९९ मध्ये लासेपेद या फ्रेंच अभ्यासकाने अगदी लहान, तीन बोटांच्या खंड्यांच्या गणाला ‘सीइक्स’ नाव दिलं. आपला तिबोटी खंड्या तो हाच. साधारण तेरा सेंटिमीटर लांबीचा, चिमणीपेक्षाही लहान जीव. चोच शेंदरी, पोट पिवळं, डोक्यावर जांभळी झाक, पाठीवर गर्द निळा. जून महिन्यात पावसाबरोबर तो कोकणातल्या सावलीच्या ओढ्यांवर येतो. कर्नाळ्याच्या अभयारण्यात, रोहा-माणगावच्या बाजूला, आमच्या चिपळूणच्या आसपास तो दिसतो. पाली, सापसुरळ्या, बेडूक, लहान खेकडे, टोळ हे त्याचं खाणं. आणि घरटं? ओढ्याच्या काठी, पायवाटेच्या किंवा रस्त्याच्या कडेला कापलेल्या उभ्या मातीच्या दरडीत खणलेला बोगदा.

ग्रीकांनी आपल्या पक्ष्याला वर्षातल्या सर्वांत वाईट ऋतूत घरटं करायला लावलं. तिथे ती कल्पना होती. इथे हा पक्षी खरोखर तसं करतो. जून ते सप्टेंबर, कोकणात ढगफुटीसारखा पाऊस कोसळतो त्या महिन्यांत, पाझरणाऱ्या मातीत. त्याच्यासाठी वारा आणि पाऊस थांबवणारा एओलस नाही. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेत इमारतींच्या पहिल्या मजल्याला लागलं तेव्हा ओढ्यांच्या काठांचं काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

कुणीतरी आवरतं, म्हणून शांतता असते

इतकी वर्षं हा शब्द शिकवून माझं मत असं झालं आहे की शब्दकोशातला ‘गेलेले सुखाचे दिवस’ हा अर्थ अपुरा आहे. गोष्टीतली शांतता गेलेल्या काळातली नाही. ती वाईट ऋतूच्या मध्यावरची आहे, मोजक्या दिवसांची आहे, आणि ती आपोआप आलेली नाही. ज्याच्या हातात वाऱ्याचा दोर आहे त्याने तो आवरून धरला म्हणून ती आली. तीही स्वतःच्या आरामासाठी नाही, दुसऱ्या कुणाची पिलं अंड्यातून बाहेर पडावीत म्हणून. शांतता ही कुणीतरी कुणाला तरी द्यायची गोष्ट आहे, एवढं हा शब्द सांगतो. ज्या घरात अभ्यास करणाऱ्या मुलासाठी मोठी माणसं आवाज खाली करतात, आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं माणूस दाराला कडी घालतं, तिथे हेच होत असतं.

तिबोटी खंड्याच्या बाबतीत दोर आपल्या हातात आहे. पाऊस आपल्याला थांबवता येत नाही, पण बाकीचं बरंच काही येतं. गेल्या काही वर्षांत या देखण्या पक्ष्याचे फोटो घ्यायला पावसाळ्यात कोकणात गर्दी होऊ लागली आहे. बोगद्यासमोर तंबू ठोकून बसणारे, बसायला सोयीची फांदी रोवून ठेवणारे, फ्लॅश मारणारे लोक मी पाहिले आहेत. चोचीत पाल घेऊन आलेला पक्षी माणसांची हालचाल पाहून समोरच्या झाडावर ताटकळतो, आणि आत पिलं उपाशी राहतात. दुसरीकडे रस्ता रुंद करताना किंवा घरामागची जागा सपाट करताना जुलै-ऑगस्टमध्येच दरडी खरवडल्या जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी बिघडवणं, त्यांना उपद्रव देणं याचा समावेश शिकारीच्या व्याख्येतच केलेला आहे. पण प्रत्येक दरडीजवळ वनरक्षक उभा राहू शकत नाही.

आमच्या ओळखीतले एक काका आहेत. त्यांच्या परसातल्या दरडीत या पक्ष्याने बोगदा केला, तेव्हा त्यांनी तिथली भिंत बांधायचं काम दिवाळीनंतरवर टाकलं आणि घरच्या मुलांना त्या बाजूला खेळू दिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, “दोन महिन्यांनी भिंतीचं काय बिघडतं?” यापेक्षा जास्त काही कुणी करायची गरज नाही.

म्हणून कोकणात राहणाऱ्यांना आणि पावसाळ्यात कोकणात येणाऱ्यांना माझी विनंती आहे. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत मातीच्या उभ्या दरडी कापू नका, लिंपू नका. ज्या दरडीमुळे घराला किंवा रस्त्याला धोका आहे तिचं काम पावसाआधीच, मे महिन्यात उरकून घ्या. दरडीत रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं भोक दिसलं आणि समोर पक्षी चोचीत काही धरून बसलेला असला, तर लगेच मागे फिरा. घरट्याचा फोटो काढू नका, आणि ते कुठे आहे हे मोबाइलवर कुणाला कळवू नका. पिलं उडून जाईपर्यंत एवढं सांभाळलं तर पुरे आहे.